चांद्रीच्या पोटातलं लोखंड

शिरसवाडीच्या मारुतीसमोर त्या शनिवारी इतकी गर्दी झाली की निलंग्याहून आलेल्या एसटीला वळायला जागा उरली नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवण्याऐवजी तो स्वतःच खाली उतरला आणि टाचा उंचावून बघत उभा राहिला. कंडक्टर तर आधीच पुढे घुसून पहिल्या रांगेत बसला होता. मग एसटीतली माणसं तरी काय करणार? तीही उतरली.

मधोमध बसवंतची म्हैस उभी होती. तिच्या शेजारी भगव्या कफनीतले, पोटापर्यंत दाढी सोडलेले कीलनाथ महाराज. ते गावात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावानं त्यांचं नाव खिळेबाबा करून टाकलं होतं. बाजूला त्यांचा शिष्य संगप्पा, एका हातात माईक, दुसऱ्या हातात पितळी ताट. ताटात राखेचा हा एवढा ढीग. राख हिमालयातल्या बारा धुन्यांची आहे, असं संगप्पा माईकवरून सांगत होता.

"जनावराच्या पोटात काय हाय?" संगप्पा ओरडला. "करणी हाय! करणी कशाची? लोखंडाची! काढणार कोण?"

"महाराज!" गर्दी म्हणाली.

"ऐकू आलं न्हाई!"

"महाराज!" एसटीच्या ड्रायव्हरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बसवंतच्या बायकोनं घरून कणकेचा गोळा मळून आणला होता. महाराजांनी तो उंच धरून चारी दिशांना दाखवला, मोडून दाखवला. आत काही नाही. बाह्या वर करून हात दाखवले. हातातही काही नाही. मग ताटातली मूठभर राख घेतली, ती गोळ्यात मळली, गोळा म्हशीच्या कुशीवरून सात वेळा फिरवला आणि सातव्या वेळी असे काही किंचाळले की पुढच्या रांगेतली दोन पोरं रडायलाच लागली. म्हैस मात्र रवंथ करत होती. महाराजांनी गोळा फोडला. आतून पाच खिळे निघाले.

गर्दीतून आधी एक मोठा सुस्कारा आला आणि मागोमाग जयजयकार. शाळेच्या भिंतीवर बसलेल्या अर्शियानं मात्र जयजयकार केला नाही. ती खिळ्यांकडे बघत होती. ते कसले खिळे आहेत हे तिला इतक्या लांबूनही ओळखू आलं, कारण तसल्या खिळ्यांच्या डब्याशेजारीच तिचं बालपण गेलं होतं.

अर्शिया ही रियाज नालबंदाची मुलगी. निलंग्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला होती. शिरसवाडीच्या स्टँडसमोरच्या लिंबाखाली तिचे अब्बू बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. बैलाला दोरी घालून अलगद आडवं पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासायचे आणि नाल बसवायची. अर्शिया सहा वर्षांची असल्यापासून तिचं काम एकच, पडलेल्या बैलाच्या डोक्याशी बसायचं, शिंग धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. बैलाला कुठं दुखतंय हे बैल सांगत नाही, पण त्याचा डोळा, कान, श्वास सांगतात, हे तिला तिथंच कळलं. मोठं होऊन जनावरांचं डॉक्टर व्हायचं हेही तिनं तिथंच ठरवलं. दोन वर्षं सुट्ट्या लागल्या की ती निलंग्याच्या सरकारी पशुदवाखान्यात डॉक्टर तनुजा मॅडमच्या मागेमागे फिरायची. आधी फक्त केसपेपर लिहायची परवानगी होती, मग थर्मामीटर धरायची, आणि दिवाळीत एकदा मॅडमनी तिला वासराच्या छातीला स्टेथस्कोप लावू दिला होता. त्या दिवशी ती जेवायचं विसरली होती.

महाराजांनी एक खिळा चिमटीत धरून वर केला. "ह्यो खिळा कशाचा, बाबांनो?"

"नालेचा!" कोणीतरी म्हणालं.

"मी नाव घेणार नाही," महाराज डोळे मिटून म्हणाले. "साधूनं कुणाचं नाव घेऊ नये. पण ज्याचा हात रोज लोखंडाला लागतो, जो मुक्या जनावराला दोरीनं पाडतो, जो स्टँडसमोर लिंबाच्या झाडाखाली बसतो, त्यानं आपल्या मनाला विचारावं."

पत्त्यात फक्त पिनकोड तेवढा सांगायचा राहिला. सगळ्या माना एकदम लिंबाकडे वळल्या. रियाजभाई हातात खूर तासायचं हत्यार घेऊन उभे होते. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

एरवी गावानं हसण्यावारी नेलं असतं. पण दोन महिन्यांत शेतकरी किशनरावांच्या गल्लीत चार जनावरं आजारी पडली होती आणि त्यातली दोन दगावली होती. माणसं घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला कारणापेक्षा गुन्हेगार लवकर हवा असतो. त्यात किशनरावांची चांद्रीसुद्धा आठ दिवसांपासून चारा टाकत होती. चांद्री म्हणजे देवणी गाय, अंगानं पांढरीशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. तिच्या पहिल्या वेताचा खरवस अर्शियाच्या घरीही आला होता.

"महाराज, माझी गाय तेवढी वाचवा," किशनराव हात जोडून पुढे आले.

"पुढल्या शनिवारी. करणी जुनी हाय, जड हाय. तवर डॉक्टर न्हाई, सुई न्हाई. सुई टोचली की करणी उसळंल आणि गाय जाग्यावर जाईल."

"हौदु, हौदु," संगप्पानं माईकवरून मान डोलावली. तो सीमेपलीकडचा, कानडी मुलखातला होता.

किशनराव जाताना लिंबापाशी थांबले. रियाजभाईंना लिंबाखाली बसायला जागा द्या, असं वीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत तेच भांडून बोलले होते. आता ते त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"रियाज, चांद्रीच्या पोटातून बी तुजेच खिळे निघाले, तर सोमवारपासून हितं बसायचं न्हाई. मी सांगून राहिलो."

"किशनराव, तुमी मला वळखता की हो," रियाजभाई म्हणाले.

"वळखत होतो," असं म्हणून किशनराव निघून गेले.

कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलांना नाल मारायचे हेच दिवस असतात. जानेवारीत लिंबाखाली बैलजोड्यांची रांग लागायची. त्या आठवड्यात एकही जोडी आली नाही. गाडीवान लंगडत्या बैलांना दुसऱ्या गावाला नेत होते, पण लिंबाकडे वळत नव्हते. मंगळवारी रात्री रियाजभाईंनी नांदेडच्या भावाला, रिजवानला, फोन लावला. रिजवानचं तिकडं टायरचं दुकान होतं.

"सोमवारी निघू," फोन ठेवून ते अर्शियाला म्हणाले. "तिकडं काम मिळेल."

"आणि माझं कॉलेज? पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल आहेत, अब्बू. मॅडमचा दवाखाना?"

"नक्को बेटा, मत पूछ," असं म्हणून रियाजभाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

अर्शिया त्या रात्री खूप रडली. तिला भीती वाटली होती आणि संतापही आला होता. सकाळी उठली ती मात्र संताप तेवढा बरोबर घेऊन.

पहिलं काम तिनं कॉलेजला जाताना केलं. बसवंतच्या म्हशीतले पाच खिळे महाराजांच्या हुकमानं तीन वाटांच्या तिकटीवर टाकले होते आणि अख्खं गाव तिकटी सोडून शेतातून वळसा घालून जात होतं. अर्शिया सरळ तिकटीवर गेली, वाकली आणि एक खिळा उचलून कंपासपेटीत टाकला. समोरून डोक्यावर घागर घेऊन येणारी मनिषावहिनी तिथंच थिजली.

"अगं बाई, त्येला हात लावलीस? आता हात झडंल तुजा!"

"उजवा का डावा, वहिनी? बारावीचं वर्ष आहे, लिहायला उजवा लागतो."

संध्याकाळी तिनं तो खिळा अब्बूंच्या हातात दिला. त्यांनी तो आधी घेईचना. मग घेतला, आणि वीस वर्षांच्या सवयीनं बोटांनी आपोआप चाचपला.

"ह्यो तर नवा हाय," ते म्हणाले. "टोक तसंच हाय. मी ठोकला की टोक कापून वळवतो. झिजून पडलेला खिळा वाकडा असतो. आणि ह्याला गिरीस हाय, दुकानातलं."

"म्हशीच्या पोटात राहून ग्रीस तसंच?"

रियाजभाईंनी खिळा पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितला.

दुसरं काम चांद्रीचं. किशनराव रानात गेलेले बघून अर्शिया त्यांच्या गोठ्यात शिरली. सिंधुकाकू, म्हणजे किशनरावांची बायको, गाईजवळ डोळे पुसत बसली होती. अर्शियाला बघून ती आधी चपापली आणि मग म्हणाली, "बघ की गं लेकी. घासाला तोंड लावंना झाली."

अर्शियानं लांबूनच बघायला सुरुवात केली. आधी डोळे, मग हात, असं मॅडम सांगायच्या. चांद्री पाठ उंचावून उभी होती. पुढच्या पायांचे कोपर शरीरापासून बाहेर काढलेले. गव्हाणीच्या ओट्यावर तिनं पुढचे दोन्ही पाय चढवले होते, जणू पुढचा भाग वर ठेवला की बरं वाटत होतं. अर्शियानं तिच्याशी बोलत बोलत वशिंडामागची कातडी चिमटीत धरली आणि जोरात दाबली. धडधाकट गाय अशा वेळी पाठ खाली घेते. चांद्रीनं पाठ ताठ ठेवली आणि कण्हली.

हे दवाखान्यात तिनं एकदा बघितलं होतं.

तिथून निघताना तिची नजर कोपऱ्यातल्या कडबाकुट्टीच्या मशीनवर पडली. ऊसतोडीचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि कडबा, सगळं त्याच मशीनमध्ये बारीक व्हायचं. गल्लीत तेवढं एकच मशीन होतं. वाढ्याच्या पेंढ्या बाजूला रचलेल्या होत्या. अर्शिया त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजचा शेवटचा तास बुडवून दवाखाना गाठला. तनुजा मॅडम औरादच्या शिबिराला निघण्याच्या घाईत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि कपाट उघडून बोटाएवढी एक गुळगुळीत, जड कांडी काढली.

"हे काय आहे?"

"लोहचुंबक. गाईला गिळायला देतात. पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतं आणि आत हिंडणारं लोखंड धरून ठेवतं," अर्शिया म्हणाली.

"तुझ्याकडं ठेव. मालकाला दाखव, समजावून सांग. मी शनिवारी दुपारी येते. पण तू स्वतः गाईला काही द्यायचं नाहीस. तू अजून डॉक्टर नाहीस."

"नाही देणार, मॅडम. शप्पथ." चांद्रीला द्यायचं नाही एवढंच मॅडम बोलल्या होत्या. खिळेबाबाबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी अर्शियानं घरात चुलीतली राख ताटात काढली. गोळा रिकामा होता, हात रिकामे होते, मग मधे काय आलं? फक्त राख. तिनं तीन खिळे राखेत पुरले, मूठभर राख उचलली, कणकेत मळली. पहिल्या वेळी खिळे खणकन खाली पडले. दहाव्या वेळी नीट जमलं. मग ती गोळा घेऊन अब्बूंकडे गेली, गंभीर चेहऱ्यानं तो त्यांच्या गुडघ्यावरून सात वेळा फिरवला आणि एक किंकाळी फोडून गोळा उघडला.

"अब्बू, तुमच्या गुडघ्यात करणी हाय."

रियाजभाईंनी खिळ्यांकडे बघितलं, पोरीच्या राखेनं माखलेल्या तोंडाकडे बघितलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ते हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण कोण ऐकणार गे?" ते म्हणाले.

शनिवार उजाडला. या वेळी एसटी आधीच पारापाशी लावून ड्रायव्हर जागा धरून बसला होता. महाराजांना हार घालून पोलीस पाटील शिवप्पा पुढच्या खुर्चीत बसले. चांद्रीला आणलं. ती इतकी सुकली होती की सिंधुकाकूला तिच्याकडे बघवेना.

संगप्पानं ताट उचललं तोच अर्शिया गर्दीतून पुढे आली. डोक्यावरून ओढणी, मान खाली.

"महाराज, मी नालबंदाची मुलगी. ताट मला धरू द्या. करणी आमच्या लोखंडाची म्हणताय, तर ती माझ्या हातातल्या ताटासमोरच निघू दे."

गर्दीत कुजबुज झाली. मागे उभ्या रियाजभाईंना वाटलं, पोरीनं गुन्हाच कबूल केला. ते "अर्शिया!" म्हणून ओरडले, पण ती वळली नाही.

महाराजांचा चेहरा उजळला. गुन्हेगाराची लेक स्वतः शरण आलेली! असला देखावा त्यांना पैसे देऊनही मिळाला नसता. "बघा, बघा," ते म्हणाले, "पाप कसं आपणहून बोलायला लागतं. दे रे तिला ताट."

अर्शियानं ताट दोन्ही हातांनी खालून धरलं. ओढणीचा पदर ताटाच्या खाली लोंबत होता आणि पदराआड तिच्या तळव्यात ती कांडी होती. पितळ लोहचुंबकाला अडवत नाही. ताटात टिक्, टिक् असा बारीक आवाज झाला आणि राखेचा ढीग मधोमध किंचित खचला.

सिंधुकाकूनं मळलेला गोळा महाराजांनी चारी दिशांना दाखवला, मोडला, हात दाखवले. मग राखेत हात घातला.

हात राखेत फिरला. पुन्हा फिरला. महाराजांचे ओठ मंत्र पुटपुटत होते, पण कपाळावर आठी आली. खिळे रोज मोकळे असायचे, आज सगळे एका जागी उभे राहून ताटाला चिकटलेले. त्यांनी जोरानं ओढलं, तर खिळ्याऐवजी अख्खं ताटच वर यायला लागलं. पुन्हा बोटं खुपसली.

"आयो!" महाराज एकदम ओरडले आणि बोट तोंडात घातलं.

"करणी चावली काय, महाराज?" अर्शियानं काळजीनं विचारलं.

"करणी लई जालीम हाय!" संगप्पा माईकवर ओरडला. महाराज त्याच्याकडे असे बघत होते की त्यानं माईक खाली घेतला.

"मी मदत करते," असं म्हणून अर्शियानं ताट सरळ उलटं केलं.

राख भसकन खाली पडली. खिळे पडले नाहीत. सात नवेकोरे खिळे उलट्या ताटाला वटवाघळांसारखे लोंबकळत राहिले.

मनिषावहिनी किंचाळली, "पोरीच्या अंगात आलं!" आणि धावत येऊन तिनं अर्शियाच्या पायांवर डोकं टेकलं. तिच्यामागे आणखी दोघी आल्या. कंडक्टरनं हात जोडले. बसवंत तर म्हणाला, "ताई, माझ्या म्हशीचं बी बघा."

अर्शियाला हसू आवरेना आणि रागही आवरेना. महाराजांचं दुकान बंद करायला आली, तर लोक तिचंच उघडून द्यायला निघाले होते.

"उठा वहिनी, उठा आधी! माझ्या अंगात काही आलं नाही. हातात आहे ते बघा." तिनं पदर बाजूला करून कांडी वर धरली. ताटापासून दूर होताच सातही खिळे खळखळ जमिनीवर पडले. "हे लोहचुंबक आहे. तुमच्या पोरांच्या शाळेत पण मिळेल. खिळे चांद्रीच्या पोटात नव्हतेच, ताटात होते. राखेबरोबर मुठीत यायचे आणि कणकेत जायचे. मला येतं, तुम्हालाही येईल, दहा वेळा करून बघा."

"ही चेटकीण हाय!" महाराज गरजले. "माझी विद्या बांधली हिनं!"

"बरं. मग ही घ्या कांडी, तुमच्याकडंच ठेवा," अर्शिया म्हणाली. "मी लांब जाऊन उभी राहते. सिंधुकाकू घरच्या चुलीतली राख देतील. तिच्यातनं एक खिळा काढा. सात नकोत, एकच. काढलात तर आम्ही सोमवारी गाव सोडतो."

सगळ्यांनी महाराजांकडे बघितलं. सिंधुकाकू खरंच उठली आणि सूपभर राख घेऊन आली. महाराजांनी आभाळाकडे बघितलं. आज मुहूर्त फिरला आहे म्हणाले. मग घसा बसला म्हणाले. संगप्पा एव्हाना माईकची वायर गुंडाळत होता.

"हिमालयातली राख लागते जणू," कोणीतरी मागून म्हणालं आणि पहिल्यांदा गर्दी हसली.

आता पोलीस पाटील शिवप्पांनी उठून महाराजांच्या गळ्यातला आपला हार काढून घेतला. "नाव न घेता एका माणसावर करणीचा आळ घेतलाव तुमी. ह्याला कायदा हाय. चला निलंग्याला, साहेबांपुढं काढा काय काढायचं ते."

"बसा की महाराज," एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "पुढलीच सीट रिकामी करून देतो."

हशा पिकला, शिट्ट्या वाजल्या, लोक पांगायला लागले. पण किशनराव तिथंच चांद्रीच्या गळ्याला हात घालून उभे होते. त्यांना हसू आलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "मंजे माझ्या गाईच्या पोटात लोखंड न्हाईच? मग ही मरून कामून राहिली?"

"लोखंड आहे, काका."

किशनरावांना कळेना. अर्शिया त्यांच्या गोठ्याकडे निघाली. मागोमाग किशनराव, सिंधुकाकू, रियाजभाई, शिवाय निम्मं गाव. कडबाकुट्टीच्या मशीनखाली कुट्टीचा ढीग होता. अर्शियानं कांडी किशनरावांच्या हातात दिली.

"मी केलं तर पुन्हा म्हणाल अंगात आलं. तुम्हीच फिरवा."

किशनरावांनी कांडी कुट्टीत खुपसली, फिरवली आणि बाहेर काढली. कांडीला काटे फुटले होते. नखाएवढे, बोटाएवढे तारेचे तुकडे तिला गच्च चिकटलेले. किशनरावांनी पुन्हा खुपसली. पुन्हा तेच.

"ही तार कसली?" शिवप्पांनी विचारलं.

किशनरावांनी एक तुकडा उपटून चिमटीत धरला. "झटका मशीनची. रानडुकरांसाठी करंटचं कुंपण केलतं. उरली व्हती. औंदा वाढ्याच्या पेंढ्या तिनंच बांधल्या. सुतळी तुटती, तार पक्की बसती म्हणून." त्यांनी मशीनकडे बघितलं. "पेंढी न सोडता तशीच घालत व्हतो आत. टायम वाचतो."

गल्लीतली चारही जनावरं ज्या घरांतली होती, ती घरं याच मशीनवर कुट्टी करून नेत होती. किशनराव जमिनीवर बसले. कांडी त्यांच्या मुठीत तशीच होती.

तेवढ्यात तनुजा मॅडमची जीप आली. त्यांनी आधी गर्दी बघितली, मग अर्शियाच्या कपाळावरची राख. "तुला फक्त समजावून सांग म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"समजावलंच, मॅडम. जरा ओरडून."

मॅडमनी चांद्रीला तपासलं. मग स्टेथस्कोप अर्शियाच्या कानात अडकवून म्हणाल्या, "ऐक आणि मला सांग." अर्शियानं डोळे मिटून डाव्या कुशीचं ऐकलं. एरवी तिथं जात्याची घरघर असते. आता फार हळू, फार वेळानं एखादी येत होती. पण येत होती. तिनं तसं सांगितलं आणि मॅडमनी मान डोलावली. कांडी धुऊन, तारा काढून मॅडमनी ती स्वतः चांद्रीच्या घशात उतरवली. इंजेक्शनं दिली. पुढचे पाय उंचावर राहतील असा मातीचा ओटा करायला सांगितला.

"आठ दिवस बघू. उतार पडला नाही तर पोट उघडून तार काढावी लागेल. आणखी एक शनिवार थांबला असतात, तर मात्र मी काही करू शकले नसते."

ओटा बांधायला रियाजभाईंनी कुदळ घेतली. किशनरावांनी त्यांना थांबवलं नाही आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. दोघं शेजारी शेजारी माती ओढत राहिले.

सोमवारी रिजवान नांदेडला वाट बघत राहिला. इकडं सकाळी आठलाच लिंबाखाली पहिली जोडी उभी होती. किशनरावांची. त्यांच्या बैलांना गेल्याच महिन्यात नाल मारून झाली होती, हे दोघांनाही माहीत होतं. किशनराव स्टँडवरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"रियाज, चूक माझ्या हातची हाय. तार मी बांधली, आळ तुज्यावर घातला. दोन जनावरं माझ्यामुळं गेली आणि मी खिळे तुज्या डब्यात हुडकत व्हतो."

रियाजभाईंनी बैलाचा एक खूर उचलून बघितला. "नाल पक्की हाय किशनराव, काही करायचं न्हाई. चहा घेऊ."

दहाव्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या तेव्हा चांद्री गव्हाणीत तोंड खुपसून खात होती. अर्शियानं शाळेतून आणलेलं होकायंत्र तिच्या छातीजवळ, पुढच्या पायामागे धरलं. उत्तरेकडं बघणारी सुई थरथरली आणि सर्रकन चांद्रीकडे वळली. कांडी जागेवर होती आणि तिनं आपलं लोखंड धरून ठेवलं होतं. बघायला जमलेल्या बायका "अगं बाई!" म्हणाल्या. मनिषावहिनी आत जाऊन हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आली आणि होकायंत्राला बोट लावणार, एवढ्यात अर्शियानं ते पाठीमागे लपवलं.

"नाही वहिनी! ह्याची पूजा करायची नाही. विचारा. सुई का वळली, तार कुठनं आली, बाबाच्या मुठीत काय होतं, काय वाटेल ते विचारा. मला नाही आलं तर मी मॅडमना विचारीन, त्यांना नाही आलं तर त्या पुस्तकात बघतील. न विचारता हात जोडले ना, की कोणाचा तरी अब्बू गाव सोडून निघतो."

मनिषावहिनीनं कोयरी ओट्यावर ठेवली.

"बरं, मग सांग," ती म्हणाली. "ती सुई गाईकडं कामून वळली गं?"

अर्शियानं होकायंत्र तिच्या हातात दिलं आणि सांगायला सुरुवात केली. पलीकडे कुट्टीच्या मशीनपाशी बसून किशनराव एकेका पेंढीची तार सोडून डब्यात टाकत होते.